रेघ गेली म्हणजे निम्मं

प्रयोगशाळेच्या दारात हजेरीचं यंत्र बसवून तीन वर्षं झाली. बोट टेकवलं की हिरवा दिवा लागतो आणि दार उघडतं. आरसेकाकांनी बोट टेकवलं की दिवा लालच राहतो. दहाही बोटं टेकवून झाली, यंत्राच्या कंपनीचा माणूस येऊन खटपट करून गेला, आणि शेवटी त्यानेच हात टेकले. "यांच्या बोटांवर ठसाच नाही हो," तो म्हणाला. एकतीस वर्षं ओल्या पॉलिश कागदावर धातूचे तुकडे घासता घासता बोटांची टोकंही घासली गेली होती. तेव्हापासून सगळे बोट लावून आत जातात आणि काका वहीत सही करून.

"काका, उद्या तुम्ही चोरी केलीत तर पकडायचं कसं?" स्टोअरकीपर रोज विचारायचा.

"आधी चोरण्यासारखं काहीतरी ठेव तुझ्या स्टोअरमध्ये," काका रोज सांगायचे.

आरसेकाका हे त्यांचं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर तेवढं असतं. धातूचा तुकडा ते असा घासतात की त्यात आरशासारखा चेहरा दिसावा, म्हणून हे नाव पडलं. तुटलेले बोल्ट, फुटलेले पाइप, चिरलेल्या साखळ्या, जे काही गावात मोडतं ते या प्रयोगशाळेत येतं. काका त्याचा नखाएवढा तुकडा कापतात, काळ्या बेकेलाइटच्या चकतीत बसवतात आणि पाण्याच्या धारेखाली सहा कागदांवर घासतात, खरखरीतपासून मऊपर्यंत. मग मखमलीच्या फिरत्या चाकावर शेवटचा हात, आणि काही सेकंद आम्ल. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली धातूच्या आतलं दिसायला लागतं.

बाहेरून धातू एकसंध वाटतो. आत तो दाण्यांचा असतो, एकमेकांना चिकटून बसलेल्या वेड्यावाकड्या दाण्यांचा. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून तळहाताने ढकलला की पत्ते एकमेकांवरून सरकतात, तसाच जोर धातूवर आडवा आला की प्रत्येक दाण्याच्या आतले थर सरकतात आणि दाण्यात समांतर रेघा उमटतात. जोर वाढला की दाणा लांबतो, चपटा होतो, ढकलल्या दिशेला वाकतो. आणखी वाढला की त्याचे तुकडे पडतात, तुकड्यांचे तुकडे पडतात, शेवटी इतके बारीक की वेगळे ओळखूच येत नाहीत, नुसता राखाडी पट्टा दिसतो. तो भाग आधीपेक्षा कडक झालेला असतो. पण आणखी सरकायला त्याच्यात जागा उरलेली नसते. पुढचा धक्का आला की तो वाकत नाही, तुटतो.

हे सगळं काकांना पुस्तकातून कळलं नव्हतं. त्यांना काम शिकवणारा म्हातारा, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, तो निवृत्त होईपर्यंत एकच गोष्ट सांगत राहिला. कागदावर घासणं म्हणजेही धातूला आडवं ढकलणंच. कागदावरचा प्रत्येक कण धातूत ओरखडा काढतो आणि ओरखड्याच्या खाली दाणे चेंगरतो. वरचा ओरखडा पुढच्या कागदाने जातो, खालचं चेंगरलेलं तसंच राहतं. "रेघ गेली म्हणजे तू निम्म्यावर आलास," उस्ताद म्हणायचा. "रेघ जायला जेवढा वेळ लागला तेवढाच आणखी घास. नाहीतर सूक्ष्मदर्शकात जे दिसेल ते धातूचं नसेल, तुझ्या हाताचं असेल."

आणि दुसरी गोष्ट, कागद झिजला की फेकायचा. झिजलेला कागद धातू कापत नाही, सारवतो. वर चकाकी झटकन येते, आत सगळं चेंगरतं, आणि एखादी बारीक भेग असली तर तिच्यावर धातूचा पापुद्रा ओढला जातो.

पहिली गोष्ट काकांनी जपली. निदान जपतो असं त्यांना वाटत होतं. दुसरीच्या बाबतीत त्यांच्यात एक खोड शिरली होती. एका कागदावर दुसरे लोक तीन नमुने घासत, काका सहा घासत. स्टोअरकीपर नव्या लोकांना सांगायचा, "कागद कसा वापरावा ते काकांकडून शिका." काकांना ते आवडायचं. एकतीस वर्षांत आवडावं असं त्यांच्या वाट्याला दुसरं फारसं काही आलं नव्हतं.

त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ गावातल्या एका कारखान्यात होइस्ट चालवायचा. घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत, पन्नाशी उलटली तरी. लोखंडी भाग आम्लाच्या टाक्यांत बुडवून स्वच्छ करायचा तो विभाग. भागांनी भरलेली जाळी होइस्टने उचलायची, टाकीत सोडायची, पुन्हा उचलायची. वरून लोंबणाऱ्या बटणांच्या डब्यावर धाकट्याचा अंगठा आणि टाकीच्या कडेला उभा त्याचा जोडीदार, ज्याला सगळे लांब्या म्हणत. बटण अर्धं दाबलं की जाळी हळू चढते, पूर्ण दाबलं की झपकन. एकोणीस वर्षं ही जोडी होती. धाकट्याच्या लग्नात वरातीपुढे सगळ्यात वाईट कोण नाचलं, तर लांब्या, हे त्यांच्या घरात अजून सांगतात.

एका सकाळी जाळी वर चढत असताना होइस्टच्या आकड्याची स्टेनलेस स्टीलची पिन तुटली आणि भरलेली जाळी लांब्यावर पडली. दवाखान्यात नेईपर्यंतही तो टिकला नाही.

पिनचा अर्धा भाग टाकीच्या गाळात गेला, तो सापडला नाही. दुसरा दोन दिवसांनी टाकीतून काढला, तेव्हा आम्लाने तुटलेला पृष्ठभाग पुरता खाल्लेला होता. त्यावरून काहीच वाचता येईना. म्हणून कडेचा तुकडा कापून आत पाहायचं ठरलं, आणि तो तुकडा प्रयोगशाळेत आला. प्रयोगशाळेत नमुन्याला नाव नसतं, नंबर असतो. कारखान्याच्या पत्रात एकच ओळ होती: जास्त ओझ्यामुळे किंवा अचानक झटक्यामुळे पिन तुटली का, ते पाहावे. काकांनी त्या दिवशीच्या सहा नमुन्यांबरोबर तो घासला. मॅडमनी, म्हणजे अहवालावर सही करणाऱ्या इंजिनिअरबाईंनी, तुटलेल्या कडेजवळ सूक्ष्मदर्शक लावला. दाण्यांत दाट समांतर रेघा होत्या, दाणे ओढल्यासारखे दिसत होते. फोटो काढला. अहवाल गेला: पिनवर अचानक फार मोठा आडवा जोर आलेला दिसतो.

पुढे तीन महिन्यांनी धाकटा तो अहवाल घेऊन काकांच्या घरी आला. चौकशी समितीने त्याला प्रत दिली होती. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि त्याचा उजवा अंगठा मांडीवर काहीतरी दाबत होता, हळू, मग जोरात, पुन्हा हळू.

"भावोजी, यातलं तुम्हाला कळतं. मला सांगा. मी झटका दिला का?"

"तुला काय आठवतंय?"

"काहीच नाही. रोजच्यासारखं दाबलं. पण रोजच्यासारखं म्हणजे कसं, तेच आठवत नाही. हजार वेळा करून बघतो. कधी वाटतं अर्धं दाबलं, कधी वाटतं एकदम."

काकांनी नंबर पाहिला. नमुना आपल्या हातचा आहे हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. फोटो पाहिला. रेघा स्पष्ट होत्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"माणसाचं विसरायला होतं," काका म्हणाले. "हे दाणे आहेत, ते खोटं बोलत नाहीत. जोर आलेला आहे."

"म्हणजे मीच."

बायको म्हणाली, "अहो, जरा बरं बोलता येत नाही का? लोखंडाशी बोलून बोलून तुमची जीभपण लोखंडाची झालीय."

"मी जे दिसतंय ते सांगितलं," काका म्हणाले. ते त्यांना त्या वेळी खरंच वाटत होतं.

धाकटा चहा अर्धा ठेवून उठला. जाताना म्हणाला, "बरं झालं. एक काहीतरी नक्की झालं."

महिनाभरानंतर, एका मंगळवारी दुपारी, मॅडमनी काकांना सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलं. चकतीत स्टेनलेस पाइपचा तुकडा होता. पाइप कोरा करकरीत, कारखान्यातून थेट आलेला, कधी कुठे बसवलेलाही नाही.

"काका, यात रेघा कुठून आल्या? याच्यावर तर कसलाच जोर आलेला नाही."

काकांनी डोळा लावला. दाण्यांत दाट समांतर रेघा. दाणे ओढल्यासारखे.

"कागद संपत आला होता," ते म्हणाले. "पुन्हा घासून देतो."

"द्या. आणि काका, स्टेनलेसला नवीन कागद घेत जा हो. फार लवकर चेंगरतं ते."

एवढंच बोलणं झालं. काका जागेवर आले, नवा कागद लावला, पाणी सोडलं, आणि हात चालेना. ती पिनही स्टेनलेसची होती. त्या दिवशीच्या नमुन्यांची वही त्यांनी काढली. कोणत्या कागदावर कितवा नमुना घासला, तेही ते लिहून ठेवत. किती पुरवला ते दाखवता यावं म्हणून. पिन सातवी होती. एका कागदावर सात, त्यांचा स्वतःचा विक्रम. शेजारी त्यांनी बरोबरची खूण केली होती.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी कपाटातून पिनची चकती काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कडेला नाही, मध्यभागी, तुटलेल्या ठिकाणापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. जोराने पिन तुटली असेल तर रेघा तुटलेल्या कडेजवळ दाट असतील आणि आत जाताना विरळ होत संपतील. संपल्या नाहीत. मध्ये जेवढ्या होत्या तेवढ्याच कडेला. चार महिन्यांपूर्वी मध्ये कुणीच पाहिलं नव्हतं, कारण पत्रात कडेचंच विचारलं होतं.

याचा अर्थ धाकटा निर्दोष, असा होत नव्हता. घासण्याने उमटलेल्या रेघांखाली खऱ्या रेघाही असू शकत होत्या. ते कळायला तुकडा पुन्हा घासायला हवा होता, नव्या कागदावर, पूर्ण वेळ. पण उरलेली पिन कारखान्याने भंगारात काढली होती. जगात तेवढाच तुकडा होता. तो घासला की जुना फोटो पुन्हा कुणाला काढता येणार नव्हता. घासणारा कोण, तर आरोपीचा भावोजी. आणि मॅडमना सांगायचं म्हणजे एकतीस वर्षांत किती अहवाल असे गेले, हा पुढचा प्रश्न येणार होता. वहीत सगळं लिहिलेलं होतं.

काकांनी चकती कपाटात ठेवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते बोलले नाहीत. तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी मॅडम रजेवर होत्या, तेव्हा त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाजही वाटली. घरी बायको म्हणायची, "धाकट्याकडे जाऊन या ना एकदा. फोन उचलत नाही तो." काका म्हणायचे, "जातो." रविवारी ते त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि भाजी घेऊन परत आले.

"भाजी घरात आहे," बायको म्हणाली.

"असू दे, लागेल."

नवव्या दिवशी, बुधवारी सकाळी, काका मॅडमसमोर जाऊन उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. कागद, सातवा नंबर, मध्यभाग, मेहुणा. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"मागच्या आठवड्यात, मंगळवारी."

"आणि आज सांगताय."

"हो."

त्यांनी स्वतः मध्यभाग पाहिला. बराच वेळ पाहिला. "यात मीही आहे, काका," त्या म्हणाल्या. "मध्ये पाहायचं असतं हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवून आलेय." मग त्यांनी मध्याचे आणि कडेचे बारा फोटो काढून घेतले, दोन साक्षीदार बसवले आणि घड्याळ समोर ठेवलं. "घासा. तुमच्याइतका हात इथे कुणाचा नाही, हेच तर दुर्दैव आहे."

काकांनी घासलं. प्रत्येक वेळी नवा कागद, प्रत्येक कागदाला चकती काटकोनात फिरवून. रेघ गेली की मॅडम वेळ वाचायच्या आणि काका तेवढाच वेळ आणखी घासायचे. घाम हनुवटीवरून कागदावर पडत होता आणि पाण्याबरोबर वाहून जात होता. सगळं होईपर्यंत साडेबारा वाजले.

मध्यभागी दाणे स्वच्छ होते, एकही रेघ नाही. कडेलाही दाणे सरळ, शांत, कुणी ढकललेले नाहीत. आणि कडेतून आत, दाण्यांमधून वाट काढत, झाडाच्या मुळांसारख्या फांद्या फुटलेल्या बारीक भेगा गेल्या होत्या. एक नव्हे, नऊ. आम्लाच्या वाफेत वर्षानुवर्षं ताणाखाली लटकलेलं स्टेनलेस आतून असंच चिरत जातं. झिजलेल्या कागदाने त्या सगळ्यांवर पापुद्रा ओढून ठेवला होता. पिन आधीच गेलेली होती. नेहमीचीच जाळी, नेहमीसारखीच उचललेली, तिला पुरेशी झाली. त्या दिवशी नाही तर आठवड्याने.

"झटका नाही," मॅडम म्हणाल्या.

काकांनी बाहेर जाऊन फोन लावला. या वेळी धाकट्याने उचलला.

"भावोजी, झालं सगळं," तो म्हणाला. त्याचा आवाज मोकळा होता. "सोमवारी समितीपुढे लिहून दिलं. पूर्ण बटण दाबलं, झटका दिला, चूक माझी. काल लांब्याच्या घरी जाऊन वहिनींनाही सांगून आलो."

काकांनी बोटांवर मोजलं. मंगळवार ते सोमवार.

मॅडमनी त्याच दिवशी पत्र पाठवलं: नमुना तयार करताना चूक झाली, आधीचा निष्कर्ष मागे घेत आहोत, नवीन फोटो जोडले आहेत. खाली त्यांची सही आणि काकांचीही. उत्तर सतरा दिवसांनी आलं, तीन ओळींचं. संबंधित कामगाराने स्वतः लेखी कबुली दिली असल्याने फेरविचाराची आवश्यकता वाटत नाही. पत्र दप्तरी दाखल केले आहे.

त्या संध्याकाळी काकांनी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"तुम्हाला मंगळवारी कळलं," ती म्हणाली. "त्याने सोमवारी लिहून दिलं. मधले दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून जेवलात. भाजी आणलीत."

तिने उरलेल्या पोळ्या लाटल्या, त्यांना वाढलं, आणि आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत गेली.

प्रकरण बंद झालं की नमुने भंगाराच्या ट्रेमध्ये जातात. काकांनी तिथून चकती उचलली, कापसात गुंडाळली, फोटो घेतले आणि धाकट्याकडे गेले. दुपारची वेळ होती. तो एकटाच होता, नोकरी सुटलेली. खुर्चीच्या कडेवर बसायची सवय मात्र गेली होती, आता तो टेकून बसला होता.

काकांनी फोटो टेबलावर मांडले. भेगा दाखवल्या. कागदाचं सांगितलं, सातव्या नंबरचं सांगितलं. धाकट्याने मान वाकवून नीट ऐकलं, जसं ताईचं नवं लग्न झालं तेव्हा तो त्यांचं ऐकायचा.

"तुम्हीच म्हणाला होतात, दाणे खोटं बोलत नाहीत," तो म्हणाला.

"दाणे नाही बोलले. मी बोललो. चूक माझी होती."

"असेल. पण भावोजी, आता मला आठवतं ना. तेव्हा आठवत नव्हतं. तुमच्या घरून निघालो आणि हळूहळू आठवायला लागलं. अंगठा पूर्ण खाली गेला. बटणाच्या रबराला मधे खळगा पडलाय, तो अंगठ्याला लागला. लांब्या वर बघत होता, म्हणाला, अरे हळू."

"असं काही झालं नाही रे. पिन आधीच गेली होती."

"पिन गेली असेल. अंगठाही गेला होता."

"समितीपुढे पुन्हा अर्ज करू. मॅडम येतील, मी येतो. कबुली मागे घे."

"आणि वहिनींकडे कोण जाईल? दार लावून घेतलं त्यांनी माझ्या तोंडावर. दारामागून ज्या शिव्या दिल्या त्या ऐकायच्या होत्या तुम्ही. चार महिने ती बाई तोंडातून शब्द काढत नव्हती. आता जाऊन काय सांगू? वहिनी, मी नाही, वाफ होती?" तो थोडा हसला. "राहू द्या, भावोजी. चहा घेणार?"

"हे बघ तरी," काका म्हणाले आणि त्यांनी कापूस उलगडून चकती त्याच्या हातात दिली. एवढ्या वर्षांत त्यांनी यापेक्षा चांगलं पॉलिश केलं नव्हतं. धाकट्याने ती एकदा पाहिली, वजन बघितल्यासारखी हातात तोलली आणि टेबलावर ठेवली, पॉलिश केलेली बाजू खाली करून. लाकडावर ती थोडी घासली गेली, तसा बारीक आवाज आला. प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर काकांनी मनगट धरलं असतं.

त्यांनी धरलं नाही. धाकटा चहा ठेवायला उठला आणि ओट्याशी पाठमोरा उभा राहिला. डाव्या हाताने त्याने गॅस पेटवला. उजवा हात बाजूला लोंबत होता आणि त्याचा अंगठा तर्जनीवर दाबला जात होता, प्रत्येक वेळी पूर्ण खालपर्यंत.